वाकळ, झाडू आणि कलेचे मोल

कला म्हणजे काय हे शिकवणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. पदवीच्या वर्गाला मी साहित्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास मर्ढेकरांचा लयसिद्धान्त येतो आणि मी फळ्यावर संवाद, विरोध, समतोल हे तीन शब्द एकाखाली एक लिहितो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा मर्ढेकरांचा ग्रंथ १९५५ सालचा. कलाकृतीतील घटकांची रचना या तीन तत्त्वांनी होते आणि ती रचना अनुभवताना होणारी भावना रोजच्या जगण्यातील, म्हणजे लौकिक, भावनांहून वेगळ्या जातीची असते, असे त्यांचे म्हणणे. ‘वेगळ्या जातीची’ हे शब्द माझे, मर्ढेकरांचे नव्हेत. पण एकदा वर्गात ते तोंडातून गेले आणि मीच थबकलो. भावनांनाही जाती असतात आणि त्यातली एक उच्च असते, हे मी किती सहज बोलून गेलो होतो!

लयसिद्धान्त समजावताना उदाहरणे द्यावी लागतात. पुस्तकांत चित्रांची असतात, संगीताची असतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलामुलींनी अस्सल चित्र कधी पाहिलेले नाही. मीही नोकरीला लागेपर्यंत पाहिले नव्हते. जे पाहिलेले नाही त्यातला समतोल कसा दाखवायचा? म्हणून गेल्या वर्षी मी आजीची वाकळ घडी घालून पिशवीतून वर्गात नेली आणि दोन बाके जोडून तिच्यावर अंथरली.

मुले हसली. शहरातून येणारी दोन-तीन सोडली तर वाकळ म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागले नाही. त्या दोघा-तिघांना ‘गोधडी’ म्हटल्यावर कळले. पण वाकळ वर्गात आली याचे हसू होते. त्या हसण्याला मी रागावलो नाही, कारण त्या हसण्याशी माझी जुनी ओळख आहे. शिक्षणासाठी पहिल्यांदा वसतिगृहात राहायला गेलो तेव्हा आईने हीच वाकळ बरोबर दिली होती. खोलीतल्या इतरांच्या खाटांवर सोलापुरी चादरी होत्या. मी वाकळ उलटी करून, ठिगळांची बाजू आत घालून अंथरत असे. पुढे शिष्यवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा पहिली खरेदी पुस्तकांची केली नाही, चादरीची केली. घराण्यातला पहिला पदवीधर जे जे मागे टाकून येतो त्याची यादी कोणी केली तर तीत अंथरूण बरेच वर येईल.

वाकळ कशी होते हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण कलेची चर्चा वस्तूपासून सुटली की ती हवेत जाते. सुगी संपली आणि पावसाळा यायचा असला म्हणजे रानात काम नसते. त्या चैत्र-वैशाखाच्या दुपारी बायका वाकळा घालीत. घरात साठवलेली जुनेरे निघत: अंगावर टिकेना झालेले लुगडे, दंड घालूनही पुन्हा विरलेले दुसरे लुगडे, धोतराचे तुकडे, बाहीला फाटलेले सदरे. अंगण सारवून घ्यायचे, त्यावर एक लुगडे ताणून पसरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्याच्या पोटात चिंध्यांचे थर एकसारखे लावायचे. एके ठिकाणी जाड आणि एके ठिकाणी पातळ झाले तर पाठीला रुतते. वरून चांगल्यातले चांगले कापड. मग दोघी बायका समोरासमोर बसून कडेपासून धावदोरा घालीत आत सरकत. कोपरा आला की काटकोनात वळायचे. असे चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत आणखी लहान चौकोन, करीत करीत टाके मध्यावर येऊन थांबतात. पाण्यात खडा टाकल्यावर लाटा बाहेर जातात. वाकळीत त्या बाहेरून आत येतात. एवढ्या लांबीचा टाका सारख्या अंतराने पडावा म्हणून आजीकडे कसले मोजमाप नव्हते. तिची नजर अधू झाल्यावर सुई ओवून द्यायचे काम माझे होते, त्यामुळे हे सारे मी जवळून पाहिले आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका कवंडी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच कडेने सुरू होऊन मध्याकडे जाते. तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाचे तिकोनी फूल लावतात. त्या फुलाचा उबेला काही उपयोग नाही. पण फुलाशिवाय कवंडी पुरी झाली असे मानत नाहीत.

आता आजीच्या वाकळीतली एक गोष्ट. तिच्या एका अंगाला, काठापासून वीतभर आत, निळ्या कापडाचा लांबट पट्टा आहे. उन्हाने आणि धुण्याने तो आता राखी झाला आहे. ते एका चौदा एप्रिलच्या पताकांचे कापड. जयंती झाल्यावर पताका उतरवल्या गेल्या, काही फाटल्या, आणि त्यातले कापड आजीने मागून आणले. टाकून द्यायला तिचे मन होईना; पण वापरायचे तर कुठे? निळे कापड पायाखाली येता कामा नये, एवढे तिचे ठरलेले होते. म्हणून तो पट्टा उशाकडे लावला. पण वाकळीला उसे-पायथे नसते, ती चारी बाजूंनी सारखी. अंधारात, दिवा विझल्यावर, कोणी उलटी अंथरली तर? तेव्हा आजीने उशाकडच्या दोन कोपऱ्यांना लाल खणाचे त्रिकोण जाड टाक्यांनी बसवले. हात फिरवला की अंधारातही कळते. मग दोन्ही लाल त्रिकोण एकाच बाजूला आल्याने वाकळ तिकडे ‘भारी’ दिसू लागली असावी, कारण पायथ्याला तिने हिरव्या लुगड्याचा काठ आडवा, पूर्ण लांबीचा शिवून टाकला आहे. ‘पायथा रिता दिसत हुता’ एवढेच तिचे स्पष्टीकरण.

मी वर्गात विचारले: विरोध कुठे आहे? मुलांनी लाल-हिरव्याकडे बोट दाखवले. संवाद? टाक्यांच्या चौकोनांकडे. समतोल? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “तो हिरवा काठ, सर.” मर्ढेकरांचा सिद्धान्त त्या वर्षी मला दुसऱ्यांदा शिकवावा लागला नाही.

पण मर्ढेकरांचे अर्धेच खरे ठरले. आजीने समतोल साधला हे खरे. तो शुद्ध सौंदर्यभावनेपोटी साधला, हे खरे नाही. त्याची सुरुवात बाबासाहेबांविषयीच्या आदरातून झाली, अंधारात चाचपडण्याच्या अडचणीतून त्रिकोण आले, आणि मगच डोळ्याने आपला हट्ट धरला. लौकिक कुठे संपले आणि अलौकिक कुठे सुरू झाले याची रेघ मला त्या वाकळीवर ओढता आली नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) कलाविचाराचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले आहेत. आपल्या बायकांनी या दोन ध्रुवांमध्ये सुई-दोऱ्याने किती फेऱ्या मारल्या असतील!

हाच विचार अमेरिकेत एका तत्त्वज्ञाने फार पूर्वी मांडला होता आणि तो तत्त्वज्ञ आपल्याला परका नाही. जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षक. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तेथे होते. ड्यूईंनी १९३१ साली हार्वर्डमध्ये कलेवर व्याख्याने दिली आणि १९३४ साली ‘आर्ट अ‍ॅज एक्स्पीरिअन्स’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आज संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वस्तू, म्हणजे भांडी, सतरंज्या, शस्त्रे, या एके काळी घरातल्या आणि गावातल्या वापराच्या वस्तू होत्या. त्यांना जगण्यातून उचलून वेगळ्या चौथऱ्यावर बसवले ते धनिकांनी आणि राष्ट्रांनी, आपले वैभव मिरवण्यासाठी. त्यामुळे कला ही सामान्य माणसाच्या अनुभवापलीकडची काही गोष्ट आहे असा भ्रम पसरला. वास्तविक जो कारागीर आपल्या कामात मनापासून गुंतला आहे आणि ते चांगले वठावे म्हणून धडपडतो आहे, तो कलावंताच्याच वाटेवर आहे. ड्यूई १ जून १९५२ रोजी वारले. त्याच आठवड्यात बाबासाहेब मानद पदवी स्वीकारण्यासाठी कोलंबियात होते. बाबासाहेबांनी गुरूच्या शिक्षणविचाराचा आणि लोकशाहीविचाराचा वापर केला, याची चर्चा आपण खूप केली. गुरूच्या कलाविचाराकडे मात्र आपल्या चळवळीतल्या अभ्यासकांनी म्हणावे तितके पाहिले नाही. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपण कौतुकाने सांगतो आणि तेथेच सोडून देतो.

इथवर सगळे सोपे होते. तासाला रंग चढला होता. मी उत्साहाने म्हणालो की कला आपल्या घरातच आहे, आजीच्या सुईत आहे, आईच्या सारवणाच्या बोटांत आहे, ती ओळखायला आपण शिकले पाहिजे. तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती बोलत नसे.

“सर, माझे वडील नगरपालिकेत झाडू मारतात. त्यांच्या झाडण्यातही लय आहे. पहाटे रस्त्यावर आवाज येतो ना, तो एका तालात येतो. मग आम्ही पण ते कला म्हणून पुढे चालू ठेवायचं का?”

वर्ग गप्प झाला. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. हा लेख लिहिण्याचे कारण ती वाकळ नसून हा प्रश्न आहे.

कारण तिने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. रोजच्या श्रमाला कला म्हणणे, सेवा म्हणणे, साधना म्हणणे, ही या देशात नेहमी निरागस गोष्ट राहिलेली नाही. १९३६ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. त्यात सफाईच्या कामाचा गौरव होता, त्यात निपुण होण्याचा उपदेश होता. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात काँग्रेस आणि गांधी यांच्या कार्याचा हिशेब मांडताना या गौरवावर कठोर प्रहार केला. ज्याला जन्माने ते काम करावे लागते त्यालाच त्या कामाची थोरवी सांगणे ही त्याची क्रूर थट्टा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मैला वाहण्याची प्रथा बंद करणारे १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसे मेल्याच्या बातम्या येतच राहिल्या. अशा देशात झाडूतली लय शोधणाऱ्या प्राध्यापकाकडे त्या मुलीने संशयाने पाहिले तर तिचे काय चुकले? उद्या कोणी म्हणेल की ढोरे ओढण्यातही कौशल्य होते. होतेच. अख्खे जनावर सोलताना कातडीला चीर पडू न देणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. म्हणून आपल्या बापजाद्यांनी ते काम सोडले ही चूक झाली काय?

मी पुन्हा ड्यूईंकडे आणि बाबासाहेबांकडे गेलो. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ याच १९३६ सालचे. त्यात बाबासाहेबांनी गुलामीविषयी जो मुद्दा मांडला आहे तो ड्यूईंच्या विचाराशी नाते सांगणारा आहे: गुलामी म्हणजे केवळ कायद्याने कोणाच्या मालकीचे असणे नव्हे, आपल्या वागण्याचा हेतू दुसऱ्याने ठरवावा आणि आपण तो निमूट स्वीकारावा, हीही गुलामीच. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धान्त त्याच भाषणातला. मला वाटते, आपल्याला हवी असलेली कसोटी इथे आहे. कौशल्य आहे की नाही, लय आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. हेतू कोणाचा, हे विचारावे लागते.

वाकळीचा हेतू आजीचा होता. ऊब हवी, ही गरज गरिबीने लादली, हे कबूल. पण निळा पट्टा कुठे यावा हे गावच्या पाटलाने ठरवले नाही. पायथा रिता दिसतो की भरलेला, हे विचारायला ती कोणाकडे गेली नाही. आणि ते काम ती मोडू शकत होती, उसवून पुन्हा घालू शकत होती, नको वाटले तर घालायचेच नाही असे म्हणू शकत होती. झाडूवाल्या बापाला यातले काय करता येते? रस्ता कोणता, वेळ कोणती, झाडू कसला, हे दुसरे ठरवतात. आणि हे काम त्याच्याच वाट्याला का, हे तर त्याच्या जन्माआधी ठरलेले आहे. तरीही त्याच्या हाताने त्यात एक ताल आणला असेल, तर तो ताल त्याचा आहे, त्या कामाचा नव्हे. त्या तालाचा मान ठेवायचा आणि काम मात्र मोडायचे, असे दोन्ही एकाच वेळी करावे लागेल. हे सोपे नाही, पण आपल्या चळवळीने हे पूर्वी केलेले आहे.

हलगीचे उदाहरण घ्या. गावकीच्या कामात हलगी वाजवणे होते: दवंडीला, देवाच्या छबिन्यापुढे, लग्नाच्या वरातीपुढे. वाजवणारा कितीही कसबी असो, त्याने वरातीपुढे चालायचे आणि पंगत उठल्यावर उरले ते न्यायचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत आपल्या लोकांनी ती वाजवायची नाकारली आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. एक कला बुडाली म्हणून कोणी हळहळले असेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे की तो नकार हाही एक सर्जक निर्णय होता. तोच ठेका, तोच गळा पुढे काय करू शकतो, हे आंबेडकरी जलशांनी दाखवून दिले. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेली. तमाशाचे अंग घेतले, पण गणातला गणपती काढला, गवळण काढली, आणि त्या जागी शाळेत जाण्याचा, मेलेले मांस सोडण्याचा, सभेला येण्याचा विषय आणला. ढोलकी तीच, हेतू बदलला. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गाणी रचली. तामिळनाडूत परई या वाद्याची कथा अशीच आहे. मर्तिकापुढे वाजवायचे म्हणून ज्या वाद्याची आणि ते वाजवणाऱ्या जातीची विटंबना झाली, तेच वाद्य १९९० नंतर तिथल्या दलित कलापथकांनी निषेधाचे वाद्य म्हणून हाती घेतले.

आणि महाडचे काय? चवदार तळे आपल्याला आठवते, मनुस्मृतीचे दहन आठवते. पण डिसेंबर १९२७ मध्ये त्याच महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांशी लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कसले दागिने घालू नयेत यावर बोलणे केले, ते आपण भाषणांत फारसे घेत नाही, किरकोळ वाटते. अस्पृश्य म्हणून ओळख पटावी अशी नेसण्याची रीत आणि कथलाचे गळाभर दागिने, ही रूढीने ठरवलेली ‘वेशभूषा’ होती. बायकांनी ती बदलली. लुगडे पायापर्यंत नेसले. आपल्या देहाचे रूप कसे असावे हे स्वतः ठरवण्याचा तो निर्णय होता. रोजच्या जीवनातले सौंदर्य हा राजकारणाबाहेरचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या नेसण्याचा विचार करावा.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल इथे थोडे बोलले पाहिजे, कारण तिथे हेतूचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराने त्या लोकांपुढे आणल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी गायलेल्या अशा ओव्यांचे ध्वनिमुद्रण आहे. दळणे हे बाईवर लादलेलेच काम. हात त्या कामाला जुंपलेले. पण गळा मोकळा राहिला, आणि त्या गळ्यात काय यावे हे सासूला, नवऱ्याला, मालकाला ठरवता आले नाही. ओवी हा शब्द ओवण्यावरून आला असे म्हणतात. सुई ओवणारी आणि ओवी गाणारी बाई एकच होती, एवढे तर नक्की. पुढे पिठाची गिरणी आली, जाते बंद झाले आणि ओवीही थांबली. याचे दुःख अभ्यासकांना होते. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं मेलं गेलं ते. खांदं राहिलं नव्हतं.” कलेच्या मोहात पडणाऱ्या आम्हा मास्तरांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावे.

आता मोलाकडे येतो. मोल हा शब्द मराठीत दोन्ही अर्थांनी चालतो, किंमत आणि मूल्य. आणि त्या दोहोंतला गोंधळ आपल्या माणसांना नेहमी महाग पडला आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या काळ्या बायका कामाच्या फाटक्या विजारी आणि सदऱ्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवतात. मताधिकाराची चळवळ तिथे पोहोचली तेव्हा १९६२ साली नदीपलीकडे नेणारी तर बंद केली गेली. ती २००६ साली परत सुरू झाली. १९६६ साली तिथल्या भागातल्या बायकांनी नागरी हक्कांच्या चळवळीतूनच गोधड्यांची सहकारी संस्था उभी केली. पुढे २००२ साली या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील मोठ्या कलासंग्रहालयांत टांगल्या गेल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली. नाव झाले. तरी २००७ साली यातल्या काही बायकांना, आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून, न्यायालयात जावे लागले. त्याच काळ्या समाजातल्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७४ सालच्या एका लेखात विचारले होते की ज्यांना लिहू-वाचू दिले नाही त्या आपल्या आज्या-पणज्यांची प्रतिभा गेली कुठे? उत्तर शोधताना त्या संग्रहालयातल्या एका निनावी काळ्या बाईच्या गोधडीशी आणि आपल्या आईच्या फुलबागेशी येऊन थांबल्या. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतले, डॉ. म. ना. वानखडे यांनी ज्यांच्या साहित्याची ओळख आपल्याला करून दिली, त्या समाजाच्या गोधड्यांपर्यंत आपण पोहोचलोच नाही. त्यांच्या कविता घेतल्या, त्यांची अंथरुणे राहून गेली.

आणि लांब कशाला जायचे? कोल्हापुरी चप्पल घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कातडे कमावणे, कापणे, वेण्या घालणे, ही पिढ्यान्‌पिढ्या चर्मकारांची आणि ढोरांची विद्या. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशी पायताणे दाखवली आणि त्यांचे मूळ कुठले याचा उल्लेख केला नाही. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. तेव्हा वृत्तपत्रांतून ‘महाराष्ट्राची अस्मिता’, ‘आपला वारसा’ असे पुष्कळ छापून आले. ते वाचताना मला वाटत होते: ही चप्पल अस्मिता झाली ती कधीपासून? ज्या हातांनी ती केली त्यांना घोटभर पाणी वरून ओतणारे गाव तिला वारसा म्हणत नव्हते. वस्तू वर गेली, माणूस खाली राहिला. पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी गोधडी पाहिली. साडेचार हजार रुपये. तिला जोडलेल्या कार्डावर कापडाचा प्रकार, धुण्याची रीत, ‘हस्तनिर्मित’ हा शब्द, सारे होते. शिवणारीचे नाव नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला एक काम दिले. घरात कोणीतरी गरजेपेक्षा जास्त मन घालून केलेली एक गोष्ट पाहा आणि तिच्याविषयी दोन पाने लिहा. अट एकच: ती कोणाच्या हुकमाने केलेली नसावी; आणि करणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत यावे. आलेल्या वह्यांत बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींभोवती बेगडाची महिरप करणारी आत्या होती. पत्र्याच्या खोलीत डब्यांची उतरत्या उंचीने मांडणी करणारी आई होती. ऊसतोडीच्या कोपीपुढे, जिथे चार महिनेच राहायचे, तिथेही झेंडूचे रोप लावणारा बाप होता. दोघांनी पुस्तकातला उतारा उतरवून आणला, तेही चालायचेच.

झाडूवाल्या वडिलांच्या मुलीने वडिलांविषयीच लिहिले होते, पण झाडूविषयी नाही. ड्यूटीवरून आल्यावर ते आंघोळ करतात, पांढरा सदरा घालतात आणि सायकलच्या चाकांच्या आऱ्या एकेक करून पुसतात. सायकल वीस वर्षांची आहे. आऱ्यांत त्यांनी रंगीत मणी ओवलेले आहेत, दर तीन आऱ्यांआड एक. चाक फिरले की वर्तुळ दिसते. खाली तिने एक ओळ वेगळी लिहिली होती: हे बघायला वस्तीतले कोणी थांबत नाही, पण ते रोज करतात. मी गुण दिले आणि शेरा लिहायला घेतला, तेव्हा काही सुचले नाही. नुसती सही केली.

वाकळ आता विरली आहे. निळ्या पट्ट्याखालचे थर दिसू लागले आहेत. ती तशीच जपून ठेवावी, नाही तर काचेत लावून घ्यावी, असे माझ्या मनात होते. पण या उन्हाळ्यात आई म्हणाली की तिच्यावर दोन्ही अंगांनी नवे कापड घालून ती पुन्हा शिवायची, म्हणजे नातीला दहा वर्षे पुरेल. त्यासाठी तिने माझा एक जुना सदरा मागितला. आजीचे सारे काम आत झाकले जाणार, म्हणून मी थोडा कुरकुरलो. शेवटी निळा पट्टा उसवून वर घ्यायचा, असे ठरले. तो कुठे लावणार, असे मी विचारले.

तिने सुईत दोरा घालायला माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “म्हंजी? पायाकडं ठिवतात व्हय?”